लारीत चढलेली घोडी

आमचे आबा धारच्या पागेत चाबुकस्वार होते. नव्या घोड्याला खोगीर सोसायला शिकवणं, लगामाची ओळख करून देणं, बुजणारं जनावर माणसात आणणं, हे त्यांचं काम. त्यांच्या आधी आजोबांनी तेच केलं होतं आणि माझ्या पाठीवर दुसरा भाऊ नव्हता, तेव्हा पुढे मी काय करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

घोड्यांची मला भीती नव्हती. त्यांच्याजवळ थांबणं मला जमत नव्हतं. घोडा शिकवायचा म्हणजे अर्धा दिवस त्याच्या खांद्याशी नुसतं उभं राहायचं. आबा तसे उभे राहत. मी उभा राहिलो की माझा पाय हलायला लागे, पाय हलला की घोडा कान मागे टाकी, आणि आबा न बघताच म्हणत, "जा, पाणी भर." दिवसभरात मी इतकं पाणी भरत असे की पागेतला हौद कधी रिता दिसला नाही.

मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. महूकडून मोटारी यायला लागल्या होत्या. एकदा एक लारी आमच्या दारावरून गेली आणि मी हातातली बादली खाली ठेवून तिच्यामागे पार नाक्याबाहेर चालत गेलो. ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तिथेच होतो. परत आलो तेव्हा आबा दारातच होते. मी म्हटलं, "मला हे शिकायचंय."

"कुणाकडून?"

"देवासला अक्काच्या शेजारी एक उस्ताद आहेत. दाजी ओळखतात त्यांना."

आबांनी खरारा भिंतीवर आपटून त्यातले केस झाडले. "पागेतला माणूस मोटारवाल्याच्या दारात उमेदवारी करणार," एवढंच बोलले आणि आत गेले. मी निघालो त्या सकाळी ते पागेतून घरी आले नाहीत. आईने दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "पत्र टाक. त्यांना नाही, मला."

देवासला माझी थोरली बहीण दिलेली होती. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. अक्काचं घर थोरल्या पातीत, तिचा वाणी धाकट्या पातीत. मीठ आणायला मी रोज परमुलखात जाऊन येतो, असं दाजी म्हणायचे. उस्ताद देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहत. लढाईत ते बसऱ्याकडे पलटणीची लारी हाकत होते, आणि आता एका कापूसवाल्या शेठची. उंच, सडपातळ माणूस, केस पिकलेले, बोलणं अर्धं माळवी आणि अर्धं फौजी. आवाज मात्र इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला लारीभोवती फिरवून आणलं आणि विचारलं, "काई दिख्यो?"

मी चाकं, दिवे, भोंगा, सगळं सांगितलं.

"गाडी के नीचे देखा?"

नव्हतं बघितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातात फडकं दिलं. त्यानंतर किती आठवडे मी गाडीच्या खालीच होतो कोण जाणे. तेल, चिखल, कापसाची रुई, निमाडातली लाल धूळ. मला वाटलं होतं आठ दिवसांत मी गाडी वळवायचं चाक हाती धरीन. इथे चाकाला हात लावायची सोय नव्हती.

पुढे त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, पण इंजिन बंद. डोळे मिटायचे, क्लच दाबायचा, दांडी मधे आणायची, क्लच सोडायचा, परत दाबायचा, मग पुढचा गियर. त्या काळच्या गाडीत असं दोनदा दाबल्याशिवाय गियरचे दात दातांत बसत नसत. घाई केली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. उभ्या गाडीत, टेकडीखालच्या मैदानात, मी दुपारच्या दुपार हे करत बसायचो. पोरं जमून हसायची. उस्ताद समोर बाजेवर पडून विडी ओढत. माझ्या पायाचा आवाज ऐकूनच म्हणत, "जल्दी थी. फिर से."

अंगात नुसती वळवळ असायची. संध्याकाळी सुटलो की टेकडी चढून देवीला जायचो, लगेच उतरायचो, आणि घरी यायच्या ऐवजी उज्जैनच्या रस्त्याने चालत सुटायचो. अक्का जेवायला वाढून वाट बघत बसायची.

"कुठे गेला होतास?"

"कुठे नाही."

"कुठे नाही म्हणजे किती लांब?" ती म्हणायची. "पायाला भिंगरी लावून जन्मलास तू. आबांकडे टिकला नाहीस, इथे तरी टिकशील का?"

तोच प्रश्न मलाही पडायचा. रात्री अंथरुणावर डावा पाय आपोआप दाबला जायचा. शिकतोय की वेळ घालवतोय हेच कळत नव्हतं. दोनदा तरी मी गाठोडं बांधलं. पण धारला परत जायचं म्हणजे आबांसमोर उभं राहायचं. ते नको म्हणून गाठोडं सोडलं.

शेवटी एकदा इंदूरच्या सडकेवर, गाडी रिकामी असताना, उस्ताद रस्त्याच्या कडेला थांबले, खाली उतरले आणि डावीकडून येऊन बसले. "चल भिया," म्हणाले. मी उजवीकडे चाकामागे सरकलो. त्यांनी भोंग्याचा रबरी फुगा दाबून दाखवला, जणू तेवढंच सांगायचं बाकी होतं. गाडी हलली तेव्हा मला वाटलं रस्ताच माझ्या अंगावर येतोय. एका बैलगाडीला वाट देताना चाक खाली मुरुमावर गेलं, पण परत वर आणलं. उस्तादांनी पुढे बघत विडी पेटवली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि कुठेही चालायला गेलो नाही.

तेव्हापासून सपाट रस्त्यावर, रिकामी गाडी असली की थोडं थोडं चाक माझ्या हाती येई. माल भरला की नाही. घाट लागला की नाही. आमची खेप देवासहून महूवरून धामनोदला. जाताना धान्य, येताना कापूस. मधे माळव्याचं पठार संपून रस्ता निमाडात उतरतो तिथे घाट. तिथे उस्ताद मला पायी चालवत. गाडी पहिल्या गियरमध्ये चढायची तेव्हा तिचा वेग चालत्या माणसाएवढाच. मी मागून लाकडी ठोकळा घेऊन चालायचो. गाडी थांबली तर चाकाखाली ठोकळा सारायचा. वळणन्‌वळण पाठ झालं होतं, पण पायांना. हातांना नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही धान्य घेऊन धामनोदला उतरलो. सरकी काढायच्या जिनातला कापूस अजून तयार नव्हता, तेव्हा गाडी रिकामीच परतायची होती. लाऱ्या थांबत त्या विहिरीपाशी आलो तर वडाखाली एक घोडी बांधलेली आणि तिच्या खांद्याशी माणूस उभा. पाठमोरा होता तरी मी ओळखला. दुसरा कोणी घोड्याजवळ तसा उभा राहत नाही.

आबा माझ्याकडे न येता सरळ उस्तादांकडे आले. रामराम केला. "आपली लारी धारवरून जाईल का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

गोष्ट अशी होती. दरबारने नर्मदेपलीकडून एक कोवळी घोडी विकत घेतली होती आणि ती आणायला आबांना पाठवलं होतं. खलघाटाला नावेतून उतरताना तिचा पुढचा पाय फळ्यांच्या फटीत गेला. हाड शाबूत होतं पण गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. तिला घाट चढवणं शक्य नव्हतं. धामनोदपर्यंत तिला जेमतेम आणून आबा तिथेच थांबले होते, लेप लावत, आणि येणारी प्रत्येक लारी बघत. बाकीच्या ड्रायव्हरांनी हात जोडले होते. जिवंत घोडा लारीत, आणि घाट!

उस्तादांनी घोडीच्या गुडघ्याकडे बघितलं, मग आबांकडे, मग माझ्याकडे. आमची नाकं सारखी आहेत. "ये आपका?" त्यांनी विचारलं.

"हओ," आबा म्हणाले.

"ले चलेंगे."

तयारी आबांनी केली. गाडीच्या तळाशी ओली माती पसरली, तिच्यावर कडबा अंथरला, म्हणजे खूर घसरू नयेत. दोन्ही बाजूंना भुशाची पोती उभी केली. जवळच एका ओढ्याचा बांध लारीच्या पाठीएवढा उंच होता. गाडी उलटी नेऊन त्याला भिडवायची होती. उस्ताद मला म्हणाले, "तू लगा." मी लावली. फळीपासून बांध वीतभर राहिला. आबांनी घोडीच्या डोळ्यांवर आपलं उपरणं बांधलं, तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिले आणि ती तीन पायांवर लंगडत आत गेली. ती बुजायला नको म्हणून इंजिन बंद ठेवलं होतं.

मग उस्ताद हँडल मारायला पुढे गेले. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवलं होतं, हँडलला अंगठा वेगळा धरायचा नाही, पाची बोटं एका बाजूला, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल घोड्यासारखं लाथ मारतं. त्यांची बोटं बरोबरच होती. पण हातातल्या चाकाजवळची ठिणगीची दांडी, जी हँडल मारण्याआधी मागे घ्यायची असते, ती पुढेच राहिली होती, आणि इंजिन तापलेलं; गाडी शेवटची मीच लावली होती. एकदम खाट्‌ असा आवाज झाला. उस्ताद जमिनीवर बसले. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातात धरलं होतं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. 

आबा गाडीतून उडी मारून आले. त्यांनी मनगट हळूच चाचपलं. "हाड सरकलंय," मला म्हणाले. खोगिराच्या पिशवीतून घोड्याच्या पायाला गुंडाळायची पट्टी काढली, बाभळीच्या दोन फाट्या सोलून लावल्या आणि असं घट्ट बांधलं की उस्तादांच्या तोंडून पहिल्यांदा मोठा श्वास बाहेर पडला.

आता चालवणार कोण?  आत घोडी पाय बदलत होती, फळ्या करकरत होत्या.

उस्तादांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"हा?" आबा म्हणाले. मग मराठीत, माझ्याकडे बघून, "घाट चढवलायस कधी?"

"नाही."

"मग?"

"पायी चढलोय. पुष्कळदा."

आबांनी गाडीकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, घोडी उतरवा. त्यांनी म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. तसं मनात आलं, खोटं बोलत नाही. पण ते म्हणाले, "एकदा चढवलीय. परत उतरवली, परत चढवली, तर तो पाय जाईल. ती उभी आहे तोवर निघू या." आणि आत जाऊन घोडीच्या छातीशी उभे राहिले.

मी ठिणगीची दांडी मागे घेतली, हँडल मारलं. इंजिन लागलं.

गुजरीपर्यंत रस्ता बरा होता. माझी घाई मात्र सुटत नव्हती. समोर डोंगर दिसत होता आणि तो एकदाचा यावा आणि संपावा असं होत होतं. उस्ताद डावीकडे बसून दर थोड्या वेळाने म्हणत, "पाँव उठा." नकळत माझा पाय वेगाच्या पट्टीवर दाबला जात होता. मागे घोडी फुरफुरली की आबांचा आवाज यायचा, तोच हळू, एकसुरी आवाज, जो मी लहानपणापासून पागेत ऐकला होता आणि ज्याचा मला कंटाळा होता.

घाटाच्या पायथ्याशी उस्ताद उतरले. एका हाताने ठोकळा काखेत मारला. "पहला गियर. चोटी तक यही. बदलना मत," म्हणाले, आणि मागच्या चाकाशेजारून चालू लागले.

गाडी चढायला लागली. इंजिन असं कण्हत होतं की मला घोडीचं ऐकूच येईना. पहिली वळणं गेली. पाण्याच्या टाकीतून वाफ यायला लागली. हात घामाने चाकावरून सरकत होते. आणि अर्ध्यावर, जिथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला दरी, तिथे वरून बैलगाड्यांची रांग उतरत आली. लाकडं भरलेली, बैल बिथरलेले. त्यांना मागे जाता येणार नव्हतं. मला थांबावं लागलं.

मी पायाचा ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. गाडी थांबली, जराशी मागे गेली, आणि ठोकळ्यावर टेकली. उस्तादांनी बरोबर वेळेला सारला होता. पण त्या धक्क्याने मागे धडाड्‌ झालं. घोडी मागच्या फळीवर सरकली होती. आबांचं नुसतं बोलणं चाललं होतं, "होऽ होऽ, बस, बस माझी बाय."

एकेक गाडी खडकाला घासत गेली. शेवटची गेल्यावर गाडीवान म्हणाला, "रस्तो साफ है, भिया." माझा पाय क्लचवर थरथरत होता. चढावर उभी गाडी परत सुरू करणं हे सगळ्यात अवघड; ठाऊक सगळं होतं, केलं कधीच नव्हतं. इंजिन तापत होतं, बंद पडलं तर चढावर परत हँडल. अंगातलं सगळं रक्त म्हणत होतं, सोड, सोड, निघ.

मागून आबा म्हणाले, "थांब. तिचे पाय लागू देत. मी सांगतो तेव्हा."

मी थांबलो.  टाकीतलं पाणी खदखदत होतं. आबा घोडीशी बोलत होते. एक पाय, मग दुसरा, खूर मातीत रुतल्याचा आवाज मला ऐकू आला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. इतका वेळ मी आयुष्यात कधीच गप्प बसलो नव्हतो. माझा पाय थरथरायचा थांबला, तो केव्हा थांबला हे मला कळलं नाही.

"हं," आबा म्हणाले. "चल."

क्लच केसाकेसाने सोडला. गाडीने भार घेतला, नाक किंचित वर उचललं. मी हातब्रेक सोडला. ती गेली. उस्ताद ठोकळा उचलून मागून पळत आले, बांधलेला हात छातीशी धरून.

वर पठारावर आल्यावर मी गाडी सपाटीला थांबवली आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला ओकलो. आबा घोडीचे चारही पाय चाचपत होते. तिच्या अंगावर घामाचा फेस होता, पण ती उभी होती. मग ते माझ्याजवळ आले, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "परत सुरू केलीस तेव्हा गाडी डावीकडे ओढली. का?"

"चाक खड्ड्यात होतं."

"मग आधी बघायला हवं होतंस."

"हओ."

एवढंच. पण धारपर्यंत ते दर थोड्या वेळाने मागून विचारत राहिले. हे कशाने गरम होतं? उतारावर त्याच गियरमध्ये का? ब्रेक एकाच चाकाला आहे का सगळ्यांना? मी उत्तरं देत होतो, आणि ज्याचं उत्तर माहीत नव्हतं ते उस्ताद देत होते, डोळे मिटून, दुखणं सोसत.

धारला हाडवैद्याने उस्तादांचं मनगट बसवलं. आईने त्यांना आमच्याकडेच ठेवून घेतलं. आबा त्यांच्याशी अंगणात तासन्‌तास बोलत बसायचे, घोड्यांचं आणि लाऱ्यांचं, आणि मी मात्र आत-बाहेर करत होतो. शेठची गाडी देवासला पोचवायची होती. निघताना आबा दारात होते. म्हणाले, "घाट उतरताना जास्त जप. चढाला जनावर सांगतं, उताराला सांगत नाही." घोडी बरी झाली. शर्यतीला तिचा उपयोग झाला नाही, पण दसऱ्याच्या स्वारीत ती पुष्कळ वर्षं चालली.

उस्तादांचं मनगट मात्र वाकडं जुळलं. मूठ आवळायची पण चाक वळवताना जोर राहायचा नाही. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा तर टेकडीखालच्या त्याच मैदानात, रिकाम्या गाडीत. मी बाजेवर बसून बघत होतो आणि बघवत नव्हतं. ते उतरले, फडक्याने चाक पुसलं आणि शेठकडे जाऊन स्वतःच माझं नाव सांगून आले.

परवान्याची परीक्षा थोरल्या पातीच्या अंमलदाराने घेतली. गाडी उलटी गल्लीत घाल म्हणाला. घातली, पण मागचं चाक रस्त्याच्या मध्यापलीकडे, म्हणजे धाकट्या पातीच्या हद्दीत, गेलं आणि धाकट्या पातीचा शिपाई धावत आला. दोघांचं भांडण जुंपलं, ते मिटेपर्यंत मी गाडीतच. शेवटी अंमलदार कंटाळून म्हणाला, "जा, येतं तुला."

मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्या जागेवर मी बसत होतो ती रिकामी कशी झाली हे मला ठाऊक होतं. उस्तादांनी पुढे चिंचेखाली गाड्या दुरुस्त करायचं काम धरलं, एका धड हाताने आणि एका वाकड्या मनगटाने, आणि ते छान चाललं. पण रस्त्याने लारी गेली की ते मान वर करून तिचा गियर ऐकायचे.

एकट्याने पहिली खेप घेऊन निघालो त्या सकाळी ते पहाटेच येऊन थांबले होते. गाडीभोवती एकदा फिरले, खाली वाकून बघितलं.  मग त्यांनी माझ्या बाजूचं दार लावलं आणि वर दोनदा थाप मारली. मी निघालो. अंगात पुन्हा तीच वळवळ, कधी इंदूर येतं, कधी महू, कधी घाट. आणि तरीही दर गियरला मी डावीकडे बघत होतो, कोणी "जल्दी थी" म्हणतंय का म्हणून.